अडतीस

पत्र डब्याच्या पिशवीत होतं, कडक भाकरीच्या खाली.
शेंगाचटणीचं तेल झिरपलं
नेमकं तिथं, जिथं चिंचोळीवाल्यांचा शिक्का होता.
ओढणीनं टिपायला गेले तर आणखीच पसरलं.

मला चिंचोळीला जायचं नव्हतं.
हे आधीच सांगून टाकते.
दोन रिक्षा बदलायच्या, वर कंपनीची बस,
आणि चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं तेव्हा
घरात भरायला मीच असते.

आई म्हणायची, मंगळवार बाजारात
शेजारच्या गाड्यावरचा भाव सांगायचा आणि पाय उचलायचा.
वळून बघितलंस की संपलं.
पण ती वांगी होती गं.
वांग्यांनी मला अकरा वर्षांपूर्वी
जेकार्डची पंचकार्डं हातात देऊन
"बिघडलं तर बिघडू दे, शीक" असं म्हटलं नव्हतं.

इरेशम शेठचं ऑफिस शेडच्या पोटातच, मध्ये नुसती काच.
चाळीस माग चालू असले की
समोरच्याशीही ओरडूनच बोलायचं.
त्यांनी पत्र लांब धरून वाचलं,
बोटाचं तेल सॅम्पलच्या टॉवेलला पुसलं
(मोराची किनार, माझीच)
आणि नुसते ओठ हलवले: किती?
ओठ आम्हा सगळ्यांनाच वाचता येतात इथं.

मी छाती भरून ओरडले, "अडतीस हजार!"
आणि लाईट गेली.

चाळीस माग एका दमात गप्प.
माझा आकडा एकटाच शेडभर फिरला,
पत्र्याला लागून परत आला.
मोहसीन जॉबरच्या हातात पाना तसाच.
घड्या घालणाऱ्या बायकांचे हात थांबलेले.
सगळी तोंडं काचेकडे.

"पस्तीस," शेठ हळूच म्हणाले.
तेही सगळ्यांनी ऐकलं.
"बरं, छत्तीस. पण हे आपल्यातच."
आपल्यात म्हणजे तेव्हा
साधारण नव्वद माणसं.

मी हो म्हटलं. वळून बघायचं नव्हतंच, बसलेलेच होते.

मग चहा आला, कपबशीत.
अकरा वर्षं मला ग्लासात मिळायचा.
कपबशी बाहेरच्या पार्टीला काढतात,
रंगवाल्याला, सुताच्या दलालाला.
मी फुंकर मारून प्याले. साखर तेवढीच होती.
शेठ हिशेबाच्या वहीत बघत राहिले,
अंधारात, चष्मा काढून.

सुटी झाल्यावर गेटपाशी नरसव्वानं गाठलं.
ती डझनावर काम करते, टॉवेलच्या कडा शिवते.
"अनसू, ते कागद कुठं भेटतंय गं?
डझनवाल्यांला देतेत का तसलं?"

तिला थट्टा करायची नव्हती.
नमुना बघायला तिनं हातसुद्धा पुढं केला होता.
मी पिशवीत चाचपलं.
पत्र शेठच्या टेबलावरच राहिलं होतं.