डावं-उजवं

पान्हा आधी बसेचना.
नटावर चकचकीत टोपी, टोपीच्या आत गंज,
गंजाने नट फुगलेला, हिरडी सुजावी तसा.
पाऊण इंची पान्हा वर चढत नाही,
त्याहून मोठा नुसता गरगरतो.
फार्गो ट्रक, माझ्याहून तीन वर्षांनी थोरला,
पुढचं डावं चाक बसलेलं,
आणि ऑक्टोबर संपत आलेला. एथेलबर्टच्या शेतांवर
बर्फ पडायचा तेवढा बाकी.

तातोला विचारलं होतं, दवाखान्यात,
त्याच्या डाव्या कुशीला खुर्ची ओढून.
झटक्याने उजवी बाजू गेली, आणि बोलणंही.
त्याने डावा हात उचलला, मूठ वळली
आणि हवेत फिरवली उजवीकडे,
घड्याळाचे काटे फिरतात तशी. पुन्हा. पुन्हा.
बोहदान खिडकीशी उभा होता. म्हणाला,
"आटे ढिले झालेत त्याचे. तू सोडायचं विचारतेस,
तो आवळायचं दाखवतोय."
मी काही बोलले नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

म्हणून हातोडीने एक सॉकेट ठोकून बसवलं,
पान्ह्याला पाइप जोडला,
पाइपवर सगळं वजन टाकलं, डावीकडे,
जगभर सोडतात तसं.
नट हलला. मी खूश.
मग कट् असा कोरडा आवाज,
आणि स्टड मुळापासून हातात.
तारेच्या ब्रशने शेजारच्या स्टडचं तोंड घासलं तेव्हा
गंजाखालून एक अक्षर वर आलं:
एल.
साठ वर्षं तिथेच होतं.

"डाव्या बाजूला डावे आटे,"
ॲल्व्हिन म्हणाला, काउंटरवर तुकडा उलटासुलटा करत.
"तेव्हा कारखान्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं,
चाक पळतं त्याच दिशेने नट आवळत जावेत.
आता कोण करतं? ठोकून काढ सगळे,
उजवे घाल, दोन्हीकडे सारखे.
वीस नटांचं पाकीट, क्रोमचं, आत्ता नेशील.
डावे हवेत तर विनिपेगहून, गुरुवारी."

पाकीट हातात घेतलं.
हलकं. टोप्या लखलखीत.
ट्रक विकायचा असता तर ठीक होतं.
पुढच्या वेळी कुणीही चाक काढलं असतं,
कुणाला काही न विचारता.
तेच नको झालं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"गुरुवारी येते," म्हटलं.
"टोपीवाले नकोत. अख्ख्या पोलादाचे दे, काळे.
अर्धा इंची, इंचात वीस आटे,
खालचा उतार साठ अंशांचा, गोल बुडाचे नकोत.
उजवे दहा, डावे अकरा,
आणि डावा स्टड एक."
ॲल्व्हिनने चष्म्यावरून बघितलं.
"म्हाताऱ्याने पढवलं?"
"नाही. मोजलं."

शेडमध्ये दिवा लावून
नवे नट आधी बोटांनीच चढवले.
आरशात बघून दुसऱ्याचा भांग पाडावा
तशी बोटं अडखळली, तीनदा.
मग उतार उतारात बसला
आणि चाक तुंब्यावर मधोमध आलं.

अकरावा नट तातोच्या तळव्यात ठेवला.
अंगठा आटे चाचपत आत गेला,
उतारावरून फिरला, थांबला.
हसला का, सांगता येत नाही; तोंडाची एक बाजू
आताशा हसल्यासारखीच असते.
मग मूठ वळली, हवेत फिरवली. या वेळी डावीकडे.
"हो, आवळलेत," मी म्हटलं.
मान हलवली. नाही. पुन्हा डावीकडे.
नर्स सूप घेऊन आली. मी निघाले.

ॲशव्हिलच्या वळणापर्यंत रेडिओ ऐकत होते.
घरून डॉफिन, डॉफिनहून इथवर,
पन्नास मैल भरत आलेले.
आणि एकदम ब्रेकवर पाय.
लहानपणी, चाक बदललं की, याच रस्त्यावर
तो असाच मध्येच थांबायचा.
मला वाटायचं, लघवीला.

उतरले. वाऱ्याने दार हातातून ओढून घेतलं.
पान्हा लावला, एकाआड एक,
डावीकडे.
चौघे जागचे हलले नाहीत.
पाचवा, नव्या स्टडवरचा,
पाव फेरा गेला.