एक घुंगरू कमी

हेरवाडे बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर
लाल शाईनं लिहिलंय : लक्ष नसते.
दोनच शब्द. खाली पालकाची सही.
सही केली मी,
आणि त्या पूर्णविरामाकडे
बराच वेळ बघत बसले.

सन्मती सहा वर्षांचा.
नाव आजोबांनी ठेवलेलं, म्हणजे चांगली बुद्धी.
ती आहे त्याच्याकडे, फक्त एका जागी नसते.
‘क’चा गोल पुरा व्हायच्या आत
पत्र्यावरून मांजर चालत जातं,
शेजारी पॉलिशचं चाक घरघरतं,
कोल्हापूरची एसटी वळणावर भोंगा देते,
आणि पेन्सिल तशीच, अर्ध्या ‘क’वर आडवी.

सगळं करून झालं.
भिजवलेले बदाम. टीव्हीवर चादर.
भिंतीकडे तोंड करून बसवणं.
जाऊबाईंनी सांगितलेला काढा, जो मांजरानंही हुंगला नाही.
मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावला,
तर दहा मिनिटं तो गजराकडेच बघत बसला.
आणि मी?
“लक्ष दे, लक्ष दे” म्हणताना
एक डोळा पैंजणाच्या कड्यांवर, एक फोनवर,
तिसरा असता तर कुकरवर ठेवला असता.

आमच्या हुपरीत घरोघरी हेच.
धडीवाल्यांचा माणूस चांदी तोलून देतो,
तोलून नेतो.
मधल्या वेळात आम्ही.

मंगळवारी वाटी लवंडली.
कुणाच्या कोपरानं, ते विचारू नका.
मोहरीएवढी घुंगरं फरशीभर झाली.
पंखा बंद केला, दार लावलं,
“आता अजिबात हलायचं न्हाई” म्हणाले,
आणि जन्मात पहिल्यांदा
तो हलला नाही.

मग आम्ही दोघं गुडघ्यांवर.
एक उचलायचं, वाटीत टाकायचं. टिंग.
सातव्या घुंगरापाशी त्याला मुंगी दिसली.
मुंगीमागं तो उंबऱ्यापर्यंत गेला.
ओरडणार होते, पण
माणूस सहाला यायचा होता
आणि ओरडायला वेळ नव्हता.
खरं कारण एवढंच. शहाणपण नंतर सुचलं.

मुंगी फटीत गेली. तो परत आला.
आपण होऊन.
“आई, किती झाली गं?”
टिंग.
मग खिडकीच्या कवडशातली धूळ बघायला गेला.
आला. टिंग, टिंग.
घुंगरं मोजायचं सोडून
मी त्याचं परत येणं मोजायला लागले.
अकरा वेळा गेला.
अकरा वेळा आला.
बाई, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

एकशे चव्वेचाळीस दिली होती,
भरली एकशे त्रेचाळीस.
माझ्या उजव्या पैंजणाचं एक
चिमट्यानं उकलून वाटीत टाकलं,
काटा जागेवर आला.

हरवलेलं रात्री सापडलं,
पाटाच्या खुराला चिकटलेलं.
मसाल्याच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीत
ठेवलंय मी ते.
त्याला सांगितलं नाही.

रोज शाळेतून आला की दप्तर टाकतो,
पालथा पडतो,
फरशीच्या एकेका फटीवर बोट ठेवत सरकतो.
परवा बारा मिनिटं. काल सात.
आज दोनच, उसाचा ट्रॅक्टर चालला होता ना.
पण ट्रॅक्टर गेल्यावर आला,
आणि जिथं सोडली होती
त्याच फटीपासून सुरू केलं.
ती फट त्याच्या ध्यानात होती!

हे फसवणं आहे, कळतंय मला.
एखाद्या संध्याकाळी फट बघता बघता
मान वर न करताच
तो माझ्या पायापाशी थांबेल,
बोट ठेवून मोजेल डावा, मग उजवा,
पुन्हा उजवा.

त्या दिवशी मी कुकर बंद करून
खाली बसेन त्याच्याजवळ,
फोन दुसऱ्या खोलीत ठेवून,
आणि म्हणेन, जा,
जिऱ्यात हात घाल.