स्टेशन एकशे सत्तेचाळीस

सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात, पायरीखालच्या फरशीत
पितळेचा एक गोल ठोकलेला आहे.
सकाळी सहाला पहिलं रीडिंग तिथं,
रात्री शेवटचंही तिथंच.
मधल्या वेळात स्प्रिंग थकते.
तिचा थकवा आम्ही दिवसभराच्या आकड्यांत
वेळेच्या हिशेबानं वाटून टाकतो. त्याला ड्रिफ्ट म्हणतात.

मे महिना. जीप मनसरच्या पुढे.
मांडीवर ग्रॅव्हिमीटर, आजारी लेकरू धरावं तसा;
खड्डा आला की माझे दात आवळतात.
कंपनीला मँगनीज हवंय.
जड दगड. खाली असला, की जमीन
त्या जागी आपल्याला जरा जास्त धरून ठेवते.
गुंजभरही नाही, पण जास्त.

धुर्वेकाका तिपाई मांडतात, बुडबुडा मधोमध आणतात,
दुपट्टा ताणून सावली करतात.
मग आम्ही दोघं श्वास रोखून.
ट्रक गेला, थांबा.
बकरी आली, थांबा.
रामटेकचा डोंगर तर केव्हाचा उभाच आहे बाजूला,
तोही वरच्या वर थोडं उचलून धरतो;
त्याचा हिशेब संध्याकाळी, वेगळा.

"म्याडम, हे मशीन जमिनीचं वजन करून रायलं का?"
तसंच म्हणा.
"मंग याच्यात काटा त नाई ना मारत कोनी?"

एकशे सेहेचाळीसपर्यंत आकडा चढत होता.
एकशे सत्तेचाळीसला पडला.
बुडबुडा पाहिला. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं.
आठ शतांश मिलिगल कमी.
खाली काहीतरी नाही.

नकाशावर ही जागा कोरी.
काका उकिडवे बसले,
चपलेच्या टोकानं माती जराशी सारली.
"इथं जुनी खान होती. बुजवली म्हनत.
माहा बा दुसऱ्या पाळीत होता."
मग बाटली माझ्याकडे सरकवली:
"पानी प्या, ऊन लागन."

रात्री बारापात्रे साहेब लाल पट्टा पाहून खूश.
त्यातला निळा ठिपका तेवढा खटकला.
"एकच स्टेशन ना? गाळा.
कंटूर कसे छान गोल येतील."

मी पायरीखाली शेवटचं रीडिंग घेतलं.
आज स्प्रिंग बरीच ताणली होती.
तिचा थकवा चाळीस स्टेशनांना वाटला, नियमानं.
एकशे सत्तेचाळीसचा वाटा काढला,
डोंगराचा काढला, उंचीचा काढला,
तरी आठ शतांश उरले.

वहीत शाईनं लिहिले.
शेऱ्याच्या रकान्यात:
पोकळी. धुर्वे, दुसरी पाळी.