वीतभर वायर

निपाणीच्या कॉलेजात तिसऱ्या गाण्यात
गिटार गेली.
बोलता बोलता कुणी उठून बाहेर जावं, तशी.
भरमा ड्रमवर एकटाच पुढे,
आठ मात्रा, सोळा मात्रा,
नुसत्या ओठांनी मला विचारत:
काय झालं गं, काय झालं?

सहा पेडल, मधे पाच तुकडे.
रंगीत, पाकिटातले, पाच मिळून दीडशेला.
पेडलांसाठी मी दोन वर्षं शिकवण्या केल्या.
तुकड्यांचा विचार केला
चपलेच्या अंगठ्याइतका,
म्हणजे तुटेपर्यंत नाहीच.

त्यातला केशरी निघाला.
वाकवून धरला की बोलायचा, सोडला की मुका.
शहापुरात ईरण्णांनी ब्लेडने त्याचं डोकं चिरलं.
आत जाळीच्या नावाने चार केस, पिळलेले,
डाख नुसता टेकवलेला, मातकट, निस्तेज.
"ह्याला काय प्लग म्हणायचं?
टोपी घातलीय नुसती."

मग त्यांनी तीन रिळं पुढे ठेवली.
"बग. कुठली घेतीस ती घे."
मी आकडे वाचून आले होते, रात्रभर.
तिन्ही रिळं काळी होती.

हात-हातभर कापून पर्समध्ये घातली, वडगावला घरी आले.
अप्पांचे तीन माग चालू होते, चौथा बंद.
घरात बोलणं खुणांनीच.
मी सालं सोलून तिन्ही टोकं त्यांच्या तळव्यावर ठेवली.
अप्पांनी भिंग काढलं,
इंचात धागे किती ते मोजायचं, पितळी.

पहिली नुसती गुंडाळलेली. वाकवली, फट पडली.
दुसरी चंदेरी कागदाची. दोनदा वाकवली, चिरली.
तिसरी विणलेली.
अप्पांनी ती वाकवली, पाहिली, उलटी वाकवली, पाहिली,
नखाने एक तार उचकटायला गेले,
आली नाही.

बटण दाबून त्यांनी माग थांबवले.
दुपारी तीनला आमचे माग थांबत नाहीत,
शेजारच्या चंद्रव्वा दारात येऊन बघून गेल्या.
"ही उसवायची नाही," अप्पा म्हणाले.
"पण एवढं दाट कशाला? आत काय असतंय?"
आवाज.
"आणि ही जाळी?"
बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही.
अप्पांनी मागांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि काही न बोलता
पुन्हा बटण दाबलं.

ईरण्णा बोर्डवर पेडल मांडूनच मापं घेतात.
बोटभर ढील प्रत्येकीला.
"ताणून बसवलं तर पहिल्या खड्ड्यात सुटतंय.
खानापूरचा रस्ता बघितलीस की नाही?"
आणि ते बिनडाखाचे, स्क्रूने आवळायचे?
"ते बंगळूरला, एसीत बसून वाजवणाऱ्यांना.
तुझं सामान टेम्पोत, जनरेटरला टेकून."
राळेचा धूर. डाख वितळतो, पसरतो,
क्षणभर आरसा होतो, मग गोठतो.
"चमकला पाहिजे. फुंकर मारायची नाही.
घाई झाली की तो मनात धरतो."

मीटरचा काटा दहाही टोकांना झोपून उठला.
त्यावर समाधान नाही.
प्रत्येक वायर कान पिळल्यासारखी पिळली,
काट्यावर डोळा ठेवून.

मग ॲम्प लावला. मी पहिला कॉर्ड धरला.
"वाजवू नको."
मग?
"चालू ठेव. सुम्मने इरु."
आवाजाचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं.
आम्ही ऐकत बसलो.
बाहेर कुणी स्कूटरला किक मारत होतं,
समोरच्या दुकानात कन्नड बातम्या,
वर मराठीत कोणीतरी दूधवाल्याशी भांडत होतं.
ॲम्पमध्ये काही नाही.
इतकं काही नाही की मला वाटलं, बंदच आहे.

ईरण्णांनी मान हलवली. चारशे रुपये.
एक सहावीही करून दिली, न मागता.
"ही लागणार नाही. तरी जवळ ठेव.
जवळ असली की लागत नाही."

केशरी तुकडा अप्पांनी चौथ्या मागाला
कशाला तरी बांधलाय.
तिथे बरा टिकलाय.