तिसरी फेरी

मार्केट यार्डात हळदीच्या थप्पीवर
मोबाईल उभा टेकवलाय.
दस्तगीरचाचा तोलाई अर्ध्यात सोडून आलेत,
भुवयांत हळद, कानाच्या पाळीत हळद.
पडद्यावर कुठल्याशा मोठ्या हॉटेलातला मंच,
आठ संघ, आठ टेबलं, पाण्याच्या बाटल्या,
आणि एक माणूस चिठ्ठ्या वाचतोय.

"सौदा कधी निघायचा?" चाचा विचारतात.
सौदा नाही चाचा, ड्राफ्ट.
इथं दर नसतो, नंबर असतो.
"म्हणजे रुमालाखाली बोटं नाहीत?"
नाहीत.
"मग माल पारखतात कसा?"

पारखतात. उंची सहा फूट एक इंच.
पसरलेल्या हातांची लांबी. उभ्या उडीचे सेंटिमीटर.
हळकुंड मोडून आतला रंग बघतात
तसं मोडून मात्र कुणी बघितलं नाही तिला.
बघितलं असतं तर डाव्या गुडघ्याशी थांबले असते,
दोन वर्षांपूर्वी मिरजेला शिवलेल्या त्या रेघेशी.
फॉर्मवर दुखापतीच्या रकान्यात
माझ्या अक्षरात लिहिलंय: निरंक.

पहिली फेरी. केरळच्या दोघी, चेन्नईची एक,
बाकी सगळ्या रेल्वेच्या.
दुसऱ्या फेरीत मध्येच नेट गेलं.
बाहेर ट्रक मागं घेणारा पोरगा
येऊ दे, येऊ दे, ओरडत राहिला.
तहसीन बुटाची लेस बांधत होती,
सोडत होती, परत बांधत होती,
आत्ता कुणी सब म्हणून आत बोलवेल तशी.

तिसरी फेरी, एकविसावा नंबर.
तो माणूस म्हणाला, "तहसील मुजावर, सांगली."
आधी आम्ही हसलोच.
तहसील! सातबारा काढायला पाठवा हिला.
मग कळलं.
मग हमालांनी तिला खांद्यावर घेतलं,
पोती उचलणाऱ्यांना ती कसली जड जाते.
चाचा तेवढे काट्याला हात लावून उभे राहिले.
"कुणी घेतली?"
गुवाहाटीनं.
"किती लांब असंल?"
कुणालाच सांगता येईना.

सगळे पेढे आणायला गेले.
मी थांबले. अजून दोन फेऱ्या होत्या.
तिच्याच लिफाफ्यातून माझाही फॉर्म गेला होता,
उंची पाच फूट दोन,
असिस्टचे आकडे पानाच्या मागच्या बाजूला,
कारण पुढं जागा पुरली नाही.
शेवटचं नाव वाचून झालं. आभार झाले.
सिमेंटची जाहिरात लागली.
मोबाईल चाचांचा. ओढणीनं पुसून परत दिला.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी
सकाळी साडेपाचला कोर्टावर मी एकटी.
मधनं ड्रिबल करत शिरले,
मान डावीकडं, चेंडू उजवीकडं,
न बघता, वर,
तिचा हात असतो तिथं.
चेंडू गेला सरळ कंपाउंडवरून,
रस्त्यावर टप्पे खात,
दूधवाल्याच्या सायकलीपुढून गटारीपर्यंत.

"अगं," तो ब्रेक दाबत ओरडला,
"कुणाला टाकतीस?"