निरंक

ओहोळ, ही चावी गाडीतळाच्या गोदामाची.
कुलूप आधी वर उचलायचं, मग फिरवायचं.
आत मास्कची बारा खोकी उरलीत,
रबर हात लावला की तुटतं. फेकू नका.
ऑडिटचे खळदकर यांनी लिहिलं होतं तेव्हा,
'नग चार हजार, वापर शून्य, हा अपव्यय का समजू नये?'
मी दोन पानी खुलासा दिला.
मग ते वर्ष आलं.
हौसा सिस्टर रात्रभर बसून
त्याच मास्कना परकराच्या नाड्या शिवत होत्या,
आणि अडीच वाजता खळदकरांचा फोन,
मॅडम, वडिलांना कुठे बेड मिळेल का.
मिळाला. आक्षेप मात्र अजून उघडाच आहे,
परिच्छेद सात. तो आता तुमचा.

हे कपाट. एकतीस वर्षांच्या वह्या.
दर सोमवारी प्रत्येक दवाखान्याची एक ओळ:
कॉलरा निरंक. घटसर्प निरंक. गोवर निरंक.
नवी होते तेव्हा चिडायचे या शब्दावर.
वर्गातल्या मुली सर्जन झाल्या,
कर्वे रस्त्यावर त्यांच्या पाट्या लागल्या,
दिवाळीला पेशंट पेढे घेऊन येतात, पाया पडतात.
माझ्याकडे कोण येणार?
ज्याला कॉलरा झाला नाही तो माणूस
आत्ता लक्ष्मी रस्त्यावर चपला घेत असेल,
वीस रुपयांसाठी घासाघीस करत.
करू दे.

जनता वसाहतीत कुदळे शिकवायचे मला.
टेकडीवरच्या शेवटच्या नळाचं पाणी, त्यात ओटीचे दोन थेंब,
पिवळं झालं की नळी उन्हात धरून म्हणायचे,
"मॅडम, सोनं."
क्लोरीन वरपर्यंत पोचलं.
नळीत पिवळं दिसलं नाही
तर महिन्याभराने पोरांच्या डोळ्यांत दिसायचं.
एवढंच आपलं शास्त्र. बाकी सगळ्या स्लाइड.

ही वही वेगळी, लाल दोऱ्याची.
आठवडा अठ्ठाविसावा. गोवर निरंक. खाली सही माझी.
त्या आठवड्यात वस्तीत कुणी गेलंच नव्हतं.
गाडीत डिझेल नव्हतं, पाऊस होता,
मीच फोनवर म्हणाले, लिहून टाका.
मुलीचं नाव रुकय्या. अकरा महिने.
तिची आई मला काही बोलली नाही.
चहा दिला. बशी पुसून दिला.

तेव्हापासून हा शब्द मला रिकामा दिसत नाही.
कुणीतरी चढ चढून गेलं,
दार वाजवलं, पोराचा सदरा वर करून
पाठ बघितली, पोट बघितलं,
आणि परत येऊन लिहिलं, नाही.
तरच निरंक.
गेला नसाल तर रकाना कोरा ठेवा.
वरून झापतील, झापू देत.
कोरं आणि निरंक यांत
अकरा महिन्यांचं अंतर असतं.

पुढची साथ कधी, असं तुम्हाला चॅनेलवाले विचारतील.
मला माहीत नाही. आराखडा आहे, तीनशे पानी,
तो हिरव्या फायलीत. वाचा.
पण त्याआधी हा नंबर लिहून घ्या:
सत्तारभाई, कोंबडीवाले, भवानी पेठ.
कोंबड्या माना टाकायला लागल्या
की हा माणूस धंद्याचा विचार न करता पहिला फोन मला करतो.
असा फोन यायला मला नऊ वर्षं लागली.
माघात त्याच्या धाकटीचं लग्न आहे.
जा. जेवून या. घाईत निघू नका.

झालं. सही कुठे करू?
पदभार दिला, पदभार घेतला,
खुर्चीचं एक चाक निखळतं, सांभाळा.

आज सोमवार आहे, ओहोळ.
साडेपाच वाजले
आणि येरवड्याची ओळ अजून आलेली नाही.
मी जिना उतरते.
तुम्ही फोन लावा.