चौथी पट्टी

ओरुरोत जूनमध्ये सोल्डरसुद्धा काकडतं.
शेगडीवर कोकाच्या पानांचं पाणी,
टेबलावर डोन्या एर्मिनियाचा रेडिओ, पोट उघडं,
आत एका जागी काळा डाग
आणि जळक्या वार्निशचा वास.

कालच मी तिथं नवा रेझिस्टर लावला.
कालच म्हणालो होतो, घेऊन जा, आता वाजेल.

नायरा शाळेतून येते, दप्तर न काढताच वाकते.
“ताता, काय लावलं होतं?”
तपकिरी, काळा, तांबडा. हजार ओहम.
ती त्याच डबीतला दुसरा उचलते, खिडकीशी धरते.
“तपकिरी, काळा, तपकिरी.
हे शंभरच आहेत, ताता.”

मग वहीच्या मागच्या पानावर मांडणी:
बारा व्होल्ट. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस.
हजारानं भागला तर वॅटचा जेमतेम सातवा हिस्सा,
पाव वॅटच्या जिवाला सहज पेलणारा.
शंभरानं भागला तर जवळजवळ दीड वॅट.
मुंगीच्या पाठीवर मिठाचं पोतं.
आकडे तेच. टिंब तेवढं एक घर सरकलं.

ती रागावत नाही. तेच जास्त लागतं.
तीस वर्षं मी खाणवाल्यांचे सेट
या दोन बोटांत रंग धरून जिवंत केले,
जशी तिची आई आग्वायोच्या पट्ट्यांवरून
विणणारीचं गाव सांगते.
तांबडा तपकिरीत कधी बुडू लागला, कळलंच नाही.
आधी संध्याकाळी. मग भर दुपारीही.
मी बल्ब बदलला. चष्मा पुसत राहिलो.
रंगाचा बेरंग होताना आवाज होत नाही,
दुसऱ्याच कुणाचं तरी काही जळतं, इतकंच.

लहान होती तेव्हा तिनं विचारलं होतं,
ही शेवटची सोनेरी पट्टी कशाला?
पाच टक्के चूक माफ, म्हणून.
चांदीची असली तर दहा.
आणि पट्टीच नसली तर?
तर वीस, मी म्हणालो होतो, आणि हसलो होतो.

आज ती डब्या पालथ्या करते,
एकेक मीटरला लावून आकडा मोठ्यानं म्हणते.
मी झाकणांवर खडूनं लिहितो, पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत.
बाहेर वारा पत्र्याशी भांडतोय.
बावीस. सत्तेचाळीस. चारशे सत्तर.
“हा घ्या हजार. लावा.”

मी लावतो. हात अजून हलत नाही.
डोन्या एर्मिनिया उद्या येईल.
तिला काय सांगायचं,
ते गणित अजून मांडलेलं नाही.